लिटरला एक पेला

काटेकाकांनी कार्बोरेटरचं जेट खिडकीच्या उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला, आणि नेमक्या त्याच वेळी रविवारच्या अड्ड्यातल्या दंतवैद्याने त्यांच्या पुढ्यात एक छापील कागद ठेवला.

"वाचा काका. गुपचूप ठरवलंय आम्ही. तुम्हाला चकित करायचं होतं."

जेटच्या भोकातून उजेडाचा ठिपका स्वच्छ दिसत होता. काकांनी ते फडक्यावर ठेवलं, चष्मा बदलला आणि कागद वाचला. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता निघायचं. घाट चढून पलीकडे, समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा तो प्रवास पुन्हा एकदा. सोबत काटेकाका, काकू आणि माशी.'

काका चकित झाले यात शंका नाही.

"दीपगृहात फोनसुद्धा केला," बेकरीवाला म्हणाला. "जुन्या भेटवह्या जपून ठेवल्यात म्हणे त्यांनी. तुमची सही शोधून काढू आणि तिच्यासकट फोटो काढू."

आतल्या दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची काकांची छाती झाली नाही.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पन्नास वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून काटेकाका. त्यांनी तपासलेल्या काट्यावर गावात कोणी संशय घेत नसे. आता कामं तुरळकच येत, आणि रविवारी त्याच दुकानात जुन्या छोट्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांचा अड्डा जमे. शंभर सीसीच्या वरची गाडी घेऊन येणाऱ्याला इथे बसायला स्टूलसुद्धा मिळत नसे. काकांची गाडी पंचाहत्तर सीसीची, निळ्या टाकीची, टूस्ट्रोक. चालताना कानाशी घोंगावल्यासारखा आवाज करी म्हणून तिचं नाव माशी. अड्ड्यावरची ती सगळ्यांत जुनी गाडी आणि तिची गोष्ट सगळ्यांची सगळ्यांत लाडकी.

लग्नाला पंधरा दिवस झालेले. नवी बायको मागे बसवून काका घाट चढले. वर इतकं धुकं की पुढचं चाक दिसेना. मग दीपगृह, तिथला एका डोळ्याचा राखणदार, त्याने पाजलेली काळी कॉफी आणि एकशे अठ्ठावीस पायऱ्या. काका हे सगळं अगदी रंगवून सांगत. धुक्यापाशी आले की काकू काहीतरी काम आठवल्यासारख्या उठत आणि आत जात. दर वेळी, अगदी नेमक्या धुक्यापाशी. अड्ड्याला वाटे, लाजतात. लाजत नाहीत, हे काकांना ठाऊक होतं.

कारण त्यातलं काहीच घडलेलं नव्हतं.

घडलं होतं ते एवढंच, की पायथ्याच्या पंपावर काकांनी टाकी भरून घेतली आणि ऑइल घालायला विसरले. या गाड्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला एक पेला. मापाचा पेला टाकीच्या झाकणालाच जोडलेला असतो, म्हणजे विसरायची सोयच नाही. पण खांद्यावर पंधरा दिवसांच्या बायकोचा हात होता, पेल्याची शुद्ध कुणाला! शिवाय आठवण करून द्यायला ऑइलची बाटलीही समोर नव्हती. घरी खिडकीतच राहिली असणार. तिसऱ्या वळणावर इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. चार दिवस दोघं पायथ्याच्या एका मेकॅनिकच्या शेडमागे, जुन्या टायरांच्या ढिगाशेजारच्या खोलीत राहिली. नवा पिस्टन आला, बसला, आणि दोघं आल्या वाटेने परत फिरली.

दारातच थोरल्या भावाने विचारलं, "काय, पोचलं का खेळणं?" हे खेळणं घाट चढायचं नाही, असं निघताना त्यानेच चारचौघांत सांगितलं होतं. काकांच्या तोंडून निघून गेलं, "पोचलं तर!" धुकं त्यांनी सोयीसाठी घातलं. धुक्यात काय काय दिसलं, असं कोणी विचारत नाही.

बायको तेव्हा शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे त्रेचाळीस वर्षांतही नाही. त्या गप्प राहण्याचा काकांनी एकच अर्थ लावला होता. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासणारा हा माणूस स्वतः खोटा आहे, हे हिला माहीत आहे आणि ती ते विसरलेली नाही. या एका विचाराने ते घरात चोरासारखे वावरत. गोष्ट थांबवावी म्हटलं, तर अड्डा थांबवू देत नसे.

या खेपेला सुटायची खटपट त्यांनी केली नाही असं नाही. सोमवारी दंतवैद्याला फोन करून पिस्टनच्या रिंगा गेल्यात म्हणून सांगितलं. मंगळवारी बेकरीवाला नव्या रिंगा घेऊन हजर झाला आणि पिठाच्या हातांनी बसवूनही गेला. बुधवारी काकांची कंबर धरली. गुरुवारी दंतवैद्याने कमरेचा पट्टा आणून दिला, तोही नेमका मापाचा. उरली होती ती काकूंच्या दुखऱ्या गुडघ्यांची आशा.

"इतका वेळ मागे बसवायचं नाही तुला," शुक्रवारी जेवताना काका म्हणाले. "तू सरळ नको म्हण. मी सांगतो त्यांना."

"मी येणार आहे."

"अगं, पण गुडघे?"

"गुडघे घरी ठेवून येईन."

त्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांनी हिला सोक्षमोक्षच लावायचा असणार, आणि तोही सगळ्यांसमोर, भेटवही उघडून.

रविवारी सात वाजता सहा गाड्या निघाल्या. मान म्हणून माशीला सगळ्यांत पुढे घातलं होतं. आरशात पाच दिवे मागोमाग येत होते; काकांनी वेग कमी केला की तेही कमी करत, वाढवला की वाढवत. काकूंनी मांडीवर कापडी पिशवी धरली होती. बाजूच्या पेटीत ठेव म्हटलं, तर ऐकेनात. गाडीवर बसताना ही पिशवी त्यांच्यापाशी नेहमीच असे. तिच्यात काय असतं, हे काकांनी कधी विचारलं नव्हतं.

पायथ्याचा पंप तोच होता, छप्पर तेवढं नवं. टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. पेट्रोल पडत असताना काका झाकण हातात घेऊन उभे होते आणि झाकणाला तो पेला होता. विचार त्यांना तेव्हाच सुचला. आज पुन्हा विसरलो तर? सत्तरीच्या माणसाला विसरायचा हक्क असतो. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम होईल, टेम्पो बोलवावा लागेल, भेटवही जिथे आहे तिथे मिटलेली राहील. इंजिन मात्र जीवानिशी जाईल. ज्या इंजिनाचा एक नट त्यांनी त्या शेडनंतर एवढ्या वर्षांत, परवाच्या रिंगा सोडल्या तर, दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता, ते इंजिन. काकांना स्वतःची किळस आली. तरी त्यांनी झाकण लावलं. ऑइलचा डबा पेटीतच राहिला.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले आणि पंपामागच्या नळावर गेले. हात स्वच्छच होते. ते त्यांनी बराच वेळ धुतले.

परत आले तेव्हा बाकीचे आपापल्या टाक्यांपाशी होते. माशीजवळ काकू एकट्याच होत्या. दोन्ही हातांनी हँडल धरून त्या गाडी डावीउजवीकडे हलवत होत्या.

"पाडशील ना!"

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय."

घाई झालीय हिला, काका मनात म्हणाले.

घाट सुरू झाला. काकांनी डाव्या हाताची बोटं क्लचवर तयार ठेवली. इंजिन जाम झालं की मागचं चाकही अडकतं आणि मागे बसलेला माणूस फेकला जातो. ज्या क्षणी आवाज बदलेल, त्या क्षणी क्लच दाबायचा. एवढी काळजी तरी त्यांनी घ्यायची ठरवली होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर त्यांची बोटं वळली, खांदे आखडले, आणि माशी घोंगावत पुढे निघून गेली.

चौथं वळण, सहावं, नववं. माशी पहिल्या गिअरमध्ये चढत होती, कुरकुर नाही, काही नाही. काकांना कळेना की या गाडीचा अभिमान वाटून घ्यावा की तिच्या नावाने रडावं. आयुष्यात कधी नव्हे ती आज शहाण्यासारखी वागत होती. आणि मग एकाएकी झाडं संपली आणि समोर समुद्र आला. उन्हात लख्ख, अगदी दूरवर. खाली टोकाला पांढरं दीपगृह उभं होतं.

सगळे थांबले. दंतवैद्य हेल्मेट काढून खोकत खोकत हसला.

"काका, मागे आमचं काय झालं बघा! काय धूर सोडते माशी! ऑइल दुप्पट घातलंत की काय?"

काकांनी वाकून पाहिलं. सायलेन्सरच्या टोकाला ऑइलचा काळा थेंब लोंबत होता. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळला आणि काकूंकडे पाहिलं. काकू कठड्यावर बसून रुमालाने बोटं पुसत होत्या. रुमालावर हिरवट डाग होते.

काका त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाकीचे कॅमेरा उभा करण्याच्या गडबडीत होते.

"तू घातलंस?"

"मग काय करणार? आजही विसरलात. सगळ्यांसमोर काय आठवण करायची, म्हणून तुम्ही गेल्यावर घातलं. माप काही कळेना. कमी नको पडायला म्हणून सगळी बाटली ओतली."

"बाटली कुठून आली?"

"पिशवीत असतेच." त्यांनी डागाळलेला रुमाल पिशवीत ठेवला. "तेव्हाही होती."

"तेव्हा म्हणजे?"

"सासूबाईंनी निघताना माझ्याकडे दिली होती. म्हणाल्या, विसरभोळा आहे, पंपावर आठवण कर त्याला. तुम्ही झाकण लावलंत, मी बघत होते. पण तुमच्याशी धड एक वाक्यसुद्धा बोलले नव्हते मी तोवर. नवऱ्याला काय शिकवायचं, असं वाटलं. मूग गिळून बसले. इंजिन गेलं ते माझ्यामुळे."

काकांनी तेलकट बोट पँटला पुसलं.

"शेडमध्ये पिशवी तुम्हीच उचलून आणलीत. बाटली दिसलीच असणार तुम्हाला. तरी एका शब्दाने बोलला नाहीत मला. आणि दारात भाऊजींना सांगितलंत, पोचलो. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. मला बोल लागू नये म्हणून सांगितलंत, आणि मग जन्मभर तेच सांगत आलात." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "धुकं आलं की मला ऐकवत नाही हो. माझ्यापायी हा माणूस खोटं बोलतोय, आणि मी साधं 'बरं केलंत' एवढंसुद्धा कधी म्हटलं नाही."

काकांनी बाटली पाहिलीच नव्हती. त्या चार दिवसांत शरमेने त्यांनी बायकोकडेही धड पाहिलं नव्हतं. मी माझ्यासाठी खोटं बोललो, आणि आज मी विसरलो नव्हतो, ही दोन्ही वाक्यं त्यांच्या ओठांशी आली आणि तिथेच अडली. शेजारी बसलेल्या बाईने त्रेचाळीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला होता, तो आपण नव्हेच, असं त्यांना वाटलं. आणि तसं असायला हवं होतं, असंही वाटलं.

"काका!" दंतवैद्याने हाक मारली. "तिथेच बसा, समुद्र मस्त येतोय मागे. गोष्ट इथेच सांगा, धुक्यापासून. मग खाली जाऊन सही शोधू."

सगळे भोवती जमले. काकू पिशवी घेऊन उठू लागल्या.

"बस," काका म्हणाले.

काकू थांबल्या आणि पुन्हा बसल्या.

"धुकं नव्हतं," काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "आणि सही सापडायची नाही. आम्ही इथवर आलोच नव्हतो."

बेकरीवाला मोठ्याने हसला. मग एकटाच हसतोय असं लक्षात आल्यावर गप्प झाला.

"खालच्या पंपावर मी ऑइल घालायला विसरलो. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. चार दिवस एका शेडमागे टायरांशेजारी काढले आणि घरी गेलो. भावाने विचारलं तेव्हा लाज वाटली, म्हणून पोचलो म्हणालो. राखणदार, कॉफी, पायऱ्या, सगळं माझ्या पदरचं."

कॅमेरा चालूच होता. शेवटी दंतवैद्याने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,

"पण काका, ऑइल जवळ नव्हतंच का?"

काकूंचे हात पिशवीवर आवळले.

"कुठलं असायला?" काका म्हणाले. "बाटली घरीच राहिली होती. खिडकीत. मीच ठेवली होती तिथे."

काकू उठून गेल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी मांडीवरून उचलली आणि खाली, पायांशी ठेवली.