सहाव्या दिवशी का थांबलं?

कोपऱ्यातलं पोतं उसवलं, गहू जमिनीवर सांडला आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "घ्या! झाली गवंड्याची विहीर!"

गिरणीत आम्ही सात-आठ जण नंबर लावून बसलो होतो. दोघी हसल्या. गिरणीवालीनं मात्र पीठभरले हात पदराला पुसले आणि सरळ गिरणी बंद केली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिचा बाप, म्हातारा गवंडी, दाराशीच पोत्यावर बसला होता.

आमच्या गावात हे बोलणं उठता-बसता चालतं. दूध नासलं, मोटर जळली, सोयरीक मोडली, झाली गवंड्याची विहीर. बोलणाऱ्याच्या मनात ना गवंडी असतो ना विहीर. पण सतरा वर्षांपूर्वी ह्या गिरणीवालीला सासूनं माघारी पाठवली, ती दारात उभी राहून हेच म्हणत. "गवंड्याची विहीर आमच्या घरात नको." मी शेजारीण, त्या दिवशी ट्रंक उतरवून घ्यायला मीच पुढे झाले होते. तरी बोलले. जळो माझी जीभ.

"पण हे आलं कुठून?" शाळेचे मास्तर वही उघडत म्हणाले. ते गावातल्या बोलण्यांचं पुस्तक करत होते. कोण काय म्हणतं, का म्हणतं, सगळं टिपायचे. आठ दिवसांनी पुस्तक छापायला जाणार होतं.

झालं, तेव्हा गावात नव्हते त्यांनाच आधी कंठ फुटला. एक म्हणाली, गवंडी दारू पिऊन विहिरीत पडला होता. दुसरा म्हणाला, छे, हे आजोबांच्या काळापासून आहे. तिसरी म्हणाली, गवंड्यानं पाणी नसलेल्या जागी विहीर बांधली. ज्याची विहीर तो गवंडी समोर बसलेला, त्याला कुणी विचारेना. आणि तो तरी काय बोलणार? बावीस वर्षांपूर्वी बोलून थकला होता बिचारा.

इतक्यात बागवाले अण्णा आले. गावात मोठी फळबाग त्यांचीच, आणि ढासळलेली ती विहीरही त्यांचीच. एकुलती एक खुर्ची त्यांच्याकडे सरकली.

"अहो मास्तर, मला विचारा ना," अण्णा बसत म्हणाले. "विहीर बांधायला दिली ह्याला. ह्यानं सिमेंट खाल्लं. थोड्याच दिवसांत सगळी भिंत आत. तेव्हापासून पडलं हे नाव. लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. आता हे छापून येणार, शाळेत पोरं वाचणार, आणि गवंडी मेला तरी त्याची चोरी मरणार नाही. मला वाटलं, आता ही गिरणीवाली अण्णांच्या अंगावर जाते.

ती गेली नाही. तिनं अण्णांना चहा सांगितला. मी तिला लहानपणापासून ओळखते. ती अशी गोड झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

"अण्णा, तो बाग वाचवल्याचा किस्सा सांगा की मास्तरांना," ती म्हणाली. "तुमच्यासारखा कुणाला जमत नाही."

अण्णा फुलले. हा किस्सा आम्ही शंभर वेळा ऐकलेला. लग्नात सांगतात, मयताला गेले तरी सांगतात.

"काय तो उन्हाळा!" अण्णांनी बशी खाली ठेवली. "शिवारात हिरवं पान नाही. झाडं माना टाकून उभी. इकडे विहिरीचं बांधकाम रविवारी पुरं झालेलं. लोक म्हणाले, घाई करू नका. मी म्हणालो, झाडं मेल्यावर पाणी कुणाला पाजू? नवव्या दिवशी, सोमवारी, टाकलं इंजिन! पाच दिवस, पाच रात्री. मी स्वतः उशाशी डिझेलचा डबा घेऊन झोपलो. तळाचे दगड दिसेपर्यंत उपसलं. एकही झाड मरू दिलं नाही!"

"पाच दिवस, पाच रात्री," ती मास्तरांना म्हणाली. "लिहिलंत?"

"लिहिलं."

"घाई करू नका असं सांगणारे लोक कोण होते, अण्णा?"

"असेच... लोक."

"मी होतो," म्हातारा दाराशी म्हणाला. त्याचा आवाज बऱ्याच महिन्यांनी ऐकला मी. "एकवीस दिवस पाण्याला हात लावू नका म्हणालो होतो. भिंत ओली होती. मागची मातीही ओली. आतलं पाणी काढलं की भिंतीचा टेका जातो."

"ह्याचं काय ऐकता!" अण्णा उसळले.

"नका ऐकू," ती म्हणाली. "तुमचंच सांगा. पाच दिवस पाच रात्री इंजिन चाललं. मग सहाव्या दिवशी का थांबलं?"

अण्णांनी चहाची बशी हातात घेतली, परत ठेवली. सहाव्या दिवशी भिंत इंजिनाच्या पाइपासकट आत गेली होती, दुसरं काय होणार? बावीस वर्षं आम्ही दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या तोंडून ऐकल्या. एकीत गवंडी चोर, दुसरीत अण्णा शूर. दोन्ही एकाच आठवड्यातल्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्या मात्र कधीचं आलं होतं. लिहून घेणारा माणूस भेटायची ती वाट बघत होती.

मास्तरांनी आधीचं पान खोडलं.

गाव मेलं खट्याळ. चार दिवसांत नवीनच बोलणं सुरू झालं. कुणी फुशारकी मारायला लागला की दुसरा डोळे मिचकावून विचारतो, "बरं, आणि सहाव्या दिवशी का थांबलं?" पारावर, पाणवठ्यावर, बसथांब्यावर, जिथे बघावं तिथे तेच.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी अण्णा गिरणीत आले. चालत आले, दळण न घेता. खुर्ची कुणी सरकवली नाही.

"मास्तर म्हणतात, तुझी हरकत नसेल तर माझ्या इंजिनाचं ते पान काढतो," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "नातीला शाळेत पोरी चिडवतात गं. रडत घरी येते. चुकलं माझं. तुझ्या बापाच्या पाया पडतो."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "जाऊ दे पोरी. वय झालं त्याचं. काढायला सांग."

"आबा, विहीर तुमची होती. तुम्ही खुशाल माफ करा," ती म्हणाली. "ट्रंक घेऊन माघारी मी आले." मग अण्णांकडे वळली. "सांगते मी मास्तरांना. काढतील ते पान. पण आधी एक काम करा. माझ्या सासूला जाऊन सांगा, की गवंड्यानं सिमेंट खाल्लं नव्हतं."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच? आत्ता जातो. गाडी काढतो. कुठे असते ती?"

"तीन वर्षं झाली तिला जाऊन," ती म्हणाली आणि पुढच्या बाईचा डबा उचलला.