बाभळीची फळी

गंगाखेडला व्यंकटरावांच्या वर्कशॉपात दोनच गोष्टी कधी चुकत नव्हत्या: मालकांची दुपारची झोप आणि चंद्रभान मिस्तरीची फळी. लेथवर लोखंड जबड्यांत पकडून फिरवणारा चक काढायचा झाला की चंद्रभान आधी मेन स्विच पाडायचा, मग चकाखाली लेथच्या बेडवर बाभळीची जाड फळी आडवी टाकायचा, आणि मगच चकाला हात. तीसेक किलोचं धूड ते. आटे संपले की कधी निसटेल नेम नाही. निसटलं तर फळीवर आदळावं, बोटांवर नको. बावीस वर्षं झाली, दहाच्या दहा बोटं शाबूत. गावातल्या दुसऱ्या कुठल्या टर्नरची बेरीज एवढी भरत नव्हती, आणि हे तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवायचा.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याआधी त्याला ऐकवायला आणखी एक मिळालं. साखर कारखान्यात कायम टर्नरची जागा निघाली होती. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी ट्रायल. बायको मालनबाईनं तर कारखान्याच्या क्वार्टरपुढं तुळस कुठं लावायची तेही ठरवून टाकलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडताना पाट सापडेना. चंद्रभाननं फळीच धुतली, तिच्यावर कलश, नारळ, दिवा ठेवला.

"हिनंच बोटं राखली माझी. हिचाबी मान हाय."

त्या दिवशी मशीन बंद. पण दुपारी जिनिंगवाले तात्याराव तुटका शाफ्ट घेऊन आले. व्यंकटरावांनी लेथपुढं एक नारळ जादा फोडला, देवाची माफी मागितली आणि कामाला परवानगी दिली. शाफ्टासाठी तीन जबड्यांचा चक काढून चार जबड्यांचा लावायचा होता.

जोडीदार नागनाथ म्हणाला, "मिस्तरी, फळी?"

"दिवा हाय तिच्यावर. मांडलेला कलश उद्यापतूर हलवायचा न्हाई."

"मग मालकानं मशीन कसं उठवलं?"

"त्येंचा देव त्येंच्यापाशी. तू बाजूनं धर, मी खालून हात देतो. बावीस वर्षं करायलोय मी."

"बावीस वर्षं फळीवर केलंत की."

"चंद्रभान, आरं तात्याराव खोळंबलेत!" मालक खुर्चीतून ओरडले. तात्याराव बसून चहा पीत होते.

मेन स्विच चंद्रभाननं तेवढ्यातही पाडला. चक ढिला करून हातानं फिरवत आणला. शेवटच्या आट्याला नागनाथचे ग्रीसचे हात घसरले. चक बेडवर आला. मध्ये चंद्रभानचा उजवा पंजा होता.

फळीवरचा दिवा हललासुद्धा नाही.

तीन बोटं गेली. मालक म्हणाले, नागनाथ धांदरट. नागनाथ म्हणाला, मालकाची घाई. तात्याराव शाफ्ट उचलून परभणीला गेले. फळीला मात्र कुणी नाव ठेवलं नाही.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी चंद्रभान पट्टी बांधून ट्रायलला गेला. साहेब म्हणाले, "चक बदलून दाखवा." मग पट्टीकडं बघून ओशाळले. "बरं, तोंडी सांगा."

चंद्रभाननं सांगितलं. आधी मेन बंद. मग बेडवर फळी. काढताना खाली हात घालायचा न्हाई. दुसरा चढवायच्या आधी आटे पुसून तेलाचा थेंब. चावी चकात विसरायची न्हाई.

"एकदम बरोबर," साहेब बाकीच्यांना म्हणाले, "शिका यांच्याकडून. फळी कोणी सांगत नाही." आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

घरी मालनबाई दारातच उभी होती. "काय म्हणले?"

"सगळं बरोबर सांगितलं म्हणले."

तिनं आत जाऊन भाकर कालवणात कुस्करली आणि ताट त्याच्या डाव्या हाताशी सरकवलं.