माणिकबाईच्या दोन दाढा

उत्तमराव डॉक्टरांनी आरशाची दांडी आधी डाव्या दाढेवर ठोकली, मग उजवीवर. माणिकबाईनं पापणीही लवू दिली नाही.

"दुखते?"

"नाई जी."

"कोनती जास्त?"

"दोनी बऱ्या हायेत."

डावीच्या मुळात लवंगेचं तेल होतं, उजवीत जर्मनीहून आलेलं नवं औषध. एकवीस रोग्यांच्या दाढांत ते भरलं आणि एकवीसही जण 'बरं हाय' म्हणाले. मुंबईच्या दंतवैद्यांच्या मासिकानं मात्र लेख छापायला खोडा घातला होता: जुन्या तेलापेक्षा खरंच बरं का? म्हणून एकाच तोंडात दोन्ही. उत्तर उजवीच्या बाजूनं येणार, हे डॉक्टरांनी धरूनच ठेवलं होतं. लेख पाकिटात तयार होता, चारला डाक निघणार होती.

आज दाढा कायमच्या बुजवायच्या होत्या. आत कळ राहिली आणि वरून चांदी बसली, तर गाल डोळ्यापर्यंत सुजतो. कधी माणूसही जातो.

डॉक्टर चांदी खलू लागले. माणिकबाई बाकावर नवऱ्याशेजारी, भगवंताशेजारी, बसली आणि टोपलीतल्या मोगऱ्याचा राहिलेला हार ओवू लागली. देवळात द्यायचा होता. गाठ मारून तिनं सवयीनं दोरा तोंडाशी नेला आणि खाली घेतला. भगवंतानं न बघताच मान वाकवली, दातानं दोरा तोडला.

खल थांबला.

"बाई, अजून एक हार करा. दोरा तुमीच तोडा."

माणिकबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. पाच-सहा फुलं ओवली. दोरा डावीकडे धरला, मग उजवीकडे. दात मिटेनात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कवापासून तोडून राहिले तुमी?" डॉक्टरांनी भगवंताला विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

उत्तर माणिकबाईनं दिलं. "तुमी इतक्या जिवानं भरलं, डाक्टरसाहेब. तुमाले कसं म्हनाव दुखते म्हनून?"

डॉक्टरांना शरम वाटली. चांदी बाजूला सारून त्यांनी पाकीट फाडलं आणि आतली एकवीस रोग्यांची यादी काढली. पहिलं नाव नांदगाव खंडेश्वरच्या पुंजारामाचं होतं. भर वैशाखात तो गालाकानाला दुपट्टा बांधून आला होता. ऊन म्हणून असेल, असं समजून डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. 'बरं हाय' म्हणून खुर्चीतून उतरल्या उतरल्या त्यानं तो पुन्हा घट्ट बांधला होता.