अभिप्रायाचं पान

मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि अंगात पुणं मावत नव्हतं. वडिलांची बदली के. आर. पुरमच्या कारखान्यात झाली म्हणून आम्ही बंगळूरला आलो होतो. मी मात्र अशी वागायचे, जणू सगळ्या गावावर उपकार करायला आलेय. शहाण्णव साल होतं. करमणूक म्हणाल तर एकच, स्टेशन रोडवरची कृष्णमूर्तींची लायब्ररी.

कृष्णमूर्तींची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते एक रेघांचा कागद चिकटवायचे. पुस्तक वाचून झालं की ज्याने त्याने त्यावर आपला अभिप्राय लिहायचा, भाषा कुठलीही चालेल, खाली नाव नाही, फक्त मेंबर नंबर. अभिप्राय बरे दिसले की ते त्या मालिकेचा पुढचा भाग मागवायचे. माझा नंबर एकशे एकतीस.

त्या वर्षी आम्हा पोरींना वेड लागलं होतं रक्तपिशाचांच्या प्रेमकथांचं. पातळ इंग्रजी पुस्तकं, काळी कव्हरं, कव्हरवर मान वाकडी करून उभी असलेली पोरगी. नायक तीनशे वर्षांचा, तरी बारावीच्या वर्गात बसणारा. एकाने अभिप्रायात लिहिलंही होतं, दिवसा बाहेर न पडणाऱ्याची हजेरी कशी भरते. दुसऱ्याने लिहिलं होतं, टाइम वेस्ट, आणि तोच नंबर पुढच्या दोन्ही भागांवर होता. मी आपली मराठीत लिहायचे. इथे कुणाला वाचता येणार आहे, हा एक माज, आणि आपली भाषा कशी शुद्ध, हा दुसरा.

तिसऱ्या भागाच्या शेवटी तो तिला चावत नाही. ती मान पुढे करते आणि तो खिडकीतून निघून जातो, कायमचा. मी ढसाढसा रडले होते. दोनदा वाचून पुस्तक परत केलं आणि लिहिलं, 'अप्रतिम शेवट. चौथा भाग ताबडतोब मागवावा.' चौथा आला का बघायला पंधरा दिवसांनी गेले, तर माझ्या ओळीखाली गोल गोल अक्षरात चक्क मराठी.

'शेवट वाचून बहुत बेजार झालं. परत असलं वाचायला होत नाही. ५८.'

माझं डोकंच फिरलं. बेजार झालं म्हणे. एवढ्या सुंदर शेवटाला कंटाळणारी ही कोण टिकोजी लागून गेली? आणि 'बहुत' काय, 'वाचायला होत नाही' काय, ही काय मराठी झाली? शिवाय असले अभिप्राय वाचून कृष्णमूर्ती चौथा भाग मागवायचे नाहीत, हा राग वेगळाच. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'आपण अगदी गावंढळ दिसता. आपला अभिप्राय वाचून करमणूक झाली. १३१.' त्यातलं 'आपण' मी मुद्दाम घातलं होतं. सरळ शिवी देण्यापेक्षा आदराने बोलून सोलून काढायचं, ही आमच्याकडची खोड. मला माझं फार कौतुक वाटलं.

माझ्या वर्गात हर्षिता होती. त्यांचं घराणं मराठा, पण तीन-चारशे वर्षं इकडेच. घरात मराठी बोलायचे, लिहायला-वाचायला कानडी, देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे येणारी तेवढीच. हर्षिता पुस्तकाच्या वाटेला जायची नाही. तिची थोरली बहीण संयोगिता, वय सत्तावीस, व्हाइटफील्डला एका ऑफिसात टायपिस्ट. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले तर अक्का परसात गप्प बसलेली. तिचं पाळलेलं मांजर आदल्या दिवशी गाडीखाली गेलं होतं.

"बहुत बेजार झालं बघ," अक्का मला म्हणाली. "काल जेवले पण नाही."

मी हर्षिताकडे बघितलं. बेजार म्हणजे काय गं तुमच्यात, असं हळूच विचारलं. ती म्हणाली, "दुःख. कानडीत तसंच म्हणतात. का?"

म्हणजे अठ्ठावन्न नंबरला कंटाळा आला नव्हता. तीही रडली होती, त्याच पानावर, माझ्यासारखीच. आणि अठ्ठावन्न नंबर कोण, हे विचारायची वेळच आली नाही, कारण अक्का आत जाऊन एक चिठ्ठी घेऊन आली.

"तू पुण्याची, तुला ठाऊक असेल," ती म्हणाली. "लायब्ररीत एक मराठी बाई आहेत. मला लिहिलंय त्यांनी. 'आपण' म्हणतायत बघ मला. आमच्यात आपण कोण म्हणतंय गं. करमणूक म्हणजे मजा, ते कळलं. हा एक शब्द तेवढा लागत नाही. गावंढळ."

तिने माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, वेलांटीसकट. ते माझ्यासमोर धरून ती उभी होती. मला तेव्हाच सांगता आलं असतं. अक्का, ते मी लिहिलंय, वाईट लिहिलंय, माफ कर. तीन वाक्यं.

"गावंढळ म्हणजे," मी म्हणाले, "अस्सल. मातीतला माणूस."

"असं होय." अक्काचा चेहरा उजळला. "मग चांगलंच लिहिलंय की. आमचे लोक घोड्यावरून आले तेव्हाची मराठी बोलतो आम्ही. अस्सलच म्हणायची."

मला वाटलं, गेलं, संपलं. पण आमच्या कॉलनीत मराठी मंडळ होतं, बदलीवर आलेल्या वीस-पंचवीस कुटुंबांचं, आणि माझी आई त्याची सेक्रेटरी. त्या महिन्यात कार्यक्रम होता, 'माझं आवडतं पुस्तक', पाच पाच मिनिटं बोलायचं. अक्का इतकी वर्षं त्या कॉलनीच्या भिंतीजवळून जात-येत होती, कधी आत आली नव्हती. आपली मराठी ऐकून लोक हसतील, असं तिला वाटायचं. आता तिला धीर आला होता. एका शिकलेल्या मराठी बाईने तिला अस्सल म्हटलं होतं ना. ती स्वतः माझ्या आईकडे आली आणि नाव देऊन गेली.

भाषण तिने लिहून काढलं आणि तपासायला माझ्याकडे आणलं. पहिलंच वाक्य होतं, 'नमस्कार. मी एक गावंढळ वाचक आहे.'

मी पेन्सिल घेतली. 'बहुत'चं 'खूप' केलं. 'बेजार झालं'चं 'वाईट वाटलं' केलं. 'होत नाही'चं 'जमत नाही' केलं. तिचं एकूण एक वाक्य घासूनपुसून पुण्याचं करून टाकलं आणि तो एक शब्द तसाच ठेवला. तो खोडला असता तर का खोडला हे सांगावं लागलं असतं. आज मला पन्नाशी जवळ आलीये, पण ती पेन्सिल त्या शब्दावरून पुढे सरकली तो क्षण आठवला की अजून मान खाली जाते.

त्या रविवारी अक्का मोतिया रंगाची साडी नेसून आली. माझी आई, मंडळातले पद्माकर काका, सगळे पुढच्या रांगेत. अक्का कागद घेऊन उभी राहिली. "नमस्कार," ती म्हणाली. "मी एक गावंढळ वाचक आहे."

हॉल हसला. कुणी दुष्टपणाने हसलं नाही, खरं सांगते. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे, स्वतःवर हसतेय. पद्माकर काकांनी तर टाळी वाजवली. आणि अक्का, ती खुलली. तिला वाटलं, आवडलं लोकांना. म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं, कागदात नसताना. "आमचं घराणंच गावंढळ. माझे वडील जयसिंगराव, ते तर माझ्यापेक्षा गावंढळ." आता लोक पोट धरून हसत होते. जयसिंगराव दाराशी बसले होते, तेही अभिमानाने हसले. मी खाली फरशीकडे बघत बसले. रक्तपिशाचाबद्दल ती काय बोलली, एक अक्षर मला आठवत नाही.

नंतर चहाच्या वेळी माझ्या आईने तिला बाजूला घेतलं. "फार छान बोललात हो," आई म्हणाली, "फक्त तो शब्द असा स्वतःला लावत नाहीत." आणि तिने अर्थ सांगितला, हळू आवाजात, कुणी ऐकू नये म्हणून. मी दोन पावलांवर बशी धरून उभी होते. अक्काचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने वडिलांकडे बघितलं. ते पद्माकर काकांशी अजून हसून बोलत होते.

मग ती माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला पण ठाऊक नव्हतं ना गं," ती म्हणाली. "लहान आहेस तू. मनाला लावून घेऊ नकोस."

मी म्हणाले, "नाही, मला ठाऊक नव्हतं."

त्यानंतर अक्का मंडळात आली नाही. मीही हर्षिताच्या घरी जायचं टाळू लागले, अभ्यास आहे म्हणायचे. चौथा भाग मात्र आला. कृष्णमूर्तींनी मला बघितल्याबरोबर काढून दिला, म्हणाले, "एकच जण वाचून गेलंय. स्वल्प जपून वापर, नवीन आहे." मी सरळ शेवटचं पान उघडलं. कोऱ्या कागदावर पहिलीच नोंद होती, अक्षर नेहमीपेक्षा सावकाश, एक एक वळण जपून काढलेलं.

'१३१ यांना. तुम्ही मला लिहिलेला शब्द चांगला नाही, असं मला आता कळलं. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला लिहू नका, तुम्हाला हसतील. मला हसले, ते सरी, चालतं. पुस्तक चांगलं आहे, तो परत येतो. ५८.'

मागे रांग लागली होती. कृष्णमूर्तींनी विचारलं, काही लिहायचंय का, आणि पेन पुढे केलं. मी ते घेतलं. आताही तीन वाक्यं पुरली असती. मी लिहिलं, 'आभारी आहे. मला खरंच ठाऊक नव्हतं.' आणि खाली माझा नंबर टाकला.