चौथा घाणा

बेंटसिल बाईंचा हिशेब चुकत नाही, असं सॉल्टपाँड गावात सगळेच म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. त्यामुळे शाळेच्या वर्धापनदिनासाठी सातशे वीस पावांची मागणी आली, तेव्हा अबा दर काढून घ्यायला त्यांच्याच ओसरीवर आली. अबाची पावाची भट्टी होती, आणि लहानपणी ती बाईंच्याच वर्गात होती.

बाईंनी तिची महिन्याची वही मागून घेतली. पीठ, साखर, लोणी, पिशव्या. लाकडं आणि भट्टी पेटवणाऱ्या कोबिनाची मजुरी. शेडचं भाडं. सगळ्याची बेरीज करून त्यांनी तिला पावांच्या संख्येने भागलं आणि सांगितलं, एका पावामागे आठ सेडी खर्च येतो, तू नऊला दे.

"आणि न्तोसो, बाई?"

न्तोसो म्हणजे वरचं. दहा घेतले की अकरावा फुकट हातावर ठेवायचा. जी ठेवत नाही तिच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. बाईंनी तेही धरलं. बहात्तर पाव वरचे, आठाने पाचशे शहात्तर. नफा सातशे वीस, त्यातून ते वजा केले की एकशे चव्वेचाळीस शिल्लक. अबाचा चेहरा उजळला. भट्टीचं तोंड तडकलं होतं, तेवढ्या पैशांत ते लिंपून घेता येणार होतं. मग ती जरा घुटमळली.

"पण बाई, भट्टीत एका वेळी दोनशे चाळीसच मावतात."

बाई म्हणाल्या, आठ सेडींत लाकडंही आली आहेत, साधं त्रैराशिक आहे, काळजी करू नकोस. अबाने मान डोलावली. बाईंना एकच गोष्ट दोनदा विचारायची तिला लहानपणापासून सवय नव्हती.

वर्धापनदिनाच्या सकाळी ठेवणीतलं कापड नेसून बाई शाळेकडे निघाल्या, तेव्हा वाटेत अबाच्या शेडपाशी थांबल्या. तीन घाणे भाजून झाले होते आणि सातशे वीस पाव टोपल्यांत रचलेले होते. तरी कोबिना भट्टीत नव्याने लाकडं रचत होता. मातीची भट्टी प्रत्येक घाण्याला पुन्हा तापवावी लागते. निखारे बाहेर ओढले की पाव आत जातात आणि ते निघेपर्यंत भट्टी निवते. फळीवर बहात्तर साचे वाट बघत होते. उरलेली भट्टी रिकामीच राहणार होती. जास्तीचे पाव भाजून विकायचे म्हटलं, तर त्या दिवशी अख्ख्या गावाच्या हातात शाळेचाच पाव असणार होता.

पीठ मळणारी एफुआ कमरेवर हात ठेवून उभी होती. "बहात्तर पावांसाठी भट्टी तापवतेस? एवढ्या लाकडांत माझी महिनाभराची चूल पेटली असती. लिंप आता भट्टीचं तोंड निखाऱ्यांनी."

"माझंच चुकलं," अबा म्हणाली. "बाईंनी नीट सांगितलं होतं, मीच उलटं ऐकलं असणार."

बाई दाराआड होत्या. त्यांनी तिथेच मनात आकडे फिरवले. एका घाण्याची लाकडं आणि मजुरी मिळून तीनशे साठ, बहात्तर पावांचं पीठ-साखर चारशे बत्तीस. सातशे ब्याण्णव. म्हणजे नफा तर गेलाच, वर पदरचे बहात्तर.

इतकं सोपं होतं. भाडं जागचं हलत नाही, पाव भाजा की नका भाजू. त्यांनी मात्र ते वरच्या पावांवरही लावलं होतं. पीठ पावाच्या बरोबरीने चालतं, एक पाव वाढला की एका पावाचं पीठ वाढतं. आणि लाकडं पायरी चढतात. दोनशे चाळीस पावांपर्यंत एका पायरीवर बसून राहतात, आणि एक पाव जास्त झाला की एकदम वरच्या पायरीवर. बाईंनी तिन्ही एकाच परातीत मळून टाकली होती. आणि अबाने ते सांगायचा प्रयत्न केला होता.

त्या आत गेल्या नाहीत. दारातूनच शाळेच्या वाटेला लागल्या.

शाळेत त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मुख्याध्यापकांनी कौतुकाने सांगितलं की आजच्या पावांचा दरसुद्धा आपल्या बाईंनीच काढून दिला. टाळ्या झाल्या. बाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मांडीवरच्या पावाला त्यांनी हात लावला नाही. समोर जुन्या वर्गाची खिडकी होती, आणि त्या खिडकीतून त्यांना नऊ वर्षांची अबा दिसत होती.

एका ट्रकमध्ये चाळीस मुलं मावतात, तर शंभर मुलांना ट्रक किती? सगळ्या वर्गाने अडीच लिहिलं होतं. अबाने तीन. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, अर्धा ट्रक चालत नाही. वर्ग हसला. बाईंना तो उद्धटपणा वाटला होता. तास संपेपर्यंत त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभं केलं होतं.

समारंभ आटोपल्यावर बाई पुन्हा शेडवर आल्या. एफुआ साचे घासत होती, कोबिना राख भरत होता. अबाने लगबगीने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत.

"अबाने नीटच ऐकलं होतं," त्या एफुआकडे बघत म्हणाल्या. "हिशेब मी चुकवला. लाकडं मी पावांवर वाटली, ती घाण्यावर धरायला हवी होती."

एफुआचे हात थांबले. अबा खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, असं सगळ्यांसमोर नका ना."

"गुडघ्यांवरही सगळ्यांसमोरच उभं केलं होतं तुला. शंभर मुलांना ट्रक किती लागतात, अबा?"

अबाला आठवत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं.

"तीन," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तिसऱ्यात वीस जागा रिकाम्या राहतात, बाई. त्यांचंही भाडं पडतं."

"ट्रक कुणी बोलावलेत?" एफुआने कोबिनाला विचारलं. त्याने खांदे उडवले.

बाईंनी रुमालाची गाठ सोडून बहात्तर सेडी पुढे केले. अबाने त्यांची मूठ दोन्ही हातांनी मिटवली आणि पैसे घेतले नाहीत. पुढची मागणी आली की ओसरीवर नको, इथे भट्टीपाशी बसून दर काढू, एवढंच म्हणाली.

निदान पाव तरी विकत घ्यावेत म्हणून बाईंनी फळीवरच्या कालच्या उरलेल्या पावांतले दहा मागितले आणि पूर्ण नव्वद मोजून दिले. अबाने दहा पाव पिशवीत भरले. मग सवयीने आणखी एक उचलून वर ठेवला.

बाई नको म्हणणार होत्या. पण न्तोसो परत करणं म्हणजे देणारीचा अपमान. त्यांनी पिशवी उचलली आणि गल्लीतून चालू लागल्या. ओळखीच्या बायका हाक मारून विचारत होत्या, बाई, एवढे पाव कुणाला? वरचा पाव पिशवीतून डोकं काढून बसला होता. बाईंनी त्यावर पदर ओढला.