आधी माणसं, मग गाय

माझ्या सासरी एक रीत आहे. गुरांसाठी काहीही विकत आणलं की आधी घरातल्या माणसाने ते वापरून बघायचं. नव्या हौदातलं पहिलं पाणी मामंजी वाकून, थेट तोंड लावून पितात. नवं दावं आलं की आमचे हे ते गळ्यात अडकवून गोठ्यात उभे राहतात. लग्न ठरताना हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

त्यामुळे गुरांचा ट्रेलर घ्यायला निघालो तेव्हा पुढे काय होणार ते मला दिसतच होतं. पण घेणं भाग होतं. आमची भोपळी गाय गाभण होती, पोटात वासरू आडवं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "तिला दवाखान्यातच आणा, घरी व्याली तर दोघंही हाती लागायची नाहीत." तिची आई काही वर्षांपूर्वी अशीच दवाखान्यात निघाली होती, मामंजींनी ठरवलेल्या भाड्याच्या टेम्पोत, एकटी. वाटेत पडली ती उठलीच नाही. तेव्हा एवढीशी असलेल्या भोपळीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलं. ती गेली तर या घरात मी मनातलं बोलू कुणाशी?

दुकानाच्या आवारात ट्रेलर ओळीने उभे होते. विक्रेत्याच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात पाठ केलेलं भाषण. ते सुरू होतंय तोच मामंजींनी चपला काढल्या आणि हात-गुडघे टेकून ते पहिल्या ट्रेलरमध्ये चढले.

"काकांचं काही हरवलंय का?"

"नाही. ते सध्या गाय आहेत," मी म्हटलं.

पहिल्यात पायांना वारा लागत होता. दुसऱ्यात तळ गुळगुळीत, खूर घसरले असते. तिसऱ्यात मामंजी बराच वेळ रेंगाळले. मग आतून आवाज आला, "एकट्याने काय कळणार? या रे सगळे."

आमचे हे मुकाट्याने आत गेले. विक्री होतेय असं दिसल्यावर विक्रेताही गेला. "ही मधली फळी बघा काका. ती असली की जनावरं एकमेकांना लागत नाहीत."

"ते राहू दे. तू दोन पायांवर काय उभा आहेस? गाय अशी उभी राहते का?"

त्या बिचाऱ्याने पँट दुमडली आणि गुडघे टेकले.

"सूनबाई, दार लाव. एक चक्कर मार."

मी ट्रेलर आमच्या गाडीला जोडला आणि आवारात चक्कर मारली. "वळणावर काय होतं ते नीट कळलं नाही, पुन्हा!" पुन्हा मारली. मग पुन्हा. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. भोपळी सारखी ऊठबस करतेय, लवकर या.

दार उघडलं असतं तर चौथा ट्रेलर, मग पाचवा. माझं डोकंच फिरलं. मी गाडी फाटकातून बाहेर काढली आणि घरचा रस्ता धरला. एक खड्डा चुकवला नाही. मागून झरोक्यातून विक्रेता ओरडत होता, "वहिनी, अजून पावती व्हायचीय!"

घरी येऊन दार उघडलं. विक्रेता एका बुटानिशी उतरला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मामंजी शेवटी उतरले आणि जमिनीवरच बसले.

"आता तरी पसंत आहे का?" मी खेकसले.

"वळणावर पडलोच असतो," ते म्हणाले. "फळीवरून हात घातला, तर हा दुकानातला पोरगा होता धरायला. त्या टेम्पोत तिला कुणीच नव्हतं गं."

इतकी वर्षं मी या माणसावर मनात धुमसत होते. मी त्यांना हाताला धरून उठवलं.

"मधली फळी काढ," त्यांनी विक्रेत्याला सांगितलं. त्याने काढली. भोपळी धापा टाकत वर चढली, आणि तिच्या पाठोपाठ मामंजी पुन्हा ओणवे होऊन आत शिरले, तिच्या डाव्या अंगाला.

विक्रेता घुटमळला. "दुसऱ्या बाजूला कोण आहे काका?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने पँट दुमडली.

या वेळी मी एकेक खड्डा चुकवत गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. आत तिघंही चार पायांवर, एकमेकांना टेकून उभी होती.

"यातली गाभण कोणती?" डॉक्टरांनी विचारलं.

मला हसू आवरेना आणि रडूही.