काळं ठेवलेलं आप्पेपात्र

मित्रांनो, मी वजनाला जड, रंगाला काळं आणि पोटात सात खळगे असलेलं बिडाचं जुनं आप्पेपात्र आहे. आप्पे ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून, वाटून, आंबवून जे पीठ होतं, ते माझ्या खळग्यांत घालतात. वर झाकण ठेवतात. खालची बाजू लाल झाली की सुईनं उलटतात. लिंबाएवढा गोळा तयार होतो, बाहेरून कुरकुरीत, आतून जाळीदार. एवढंच माझं काम. पण ते काम नीट व्हायला मला काय लागतं, हे मी आता ज्या घरात राहते त्या घराला फार उशिरा समजलं.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका भट्टीवर झाला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर साचा फोडला, माझ्या कडा कानशीनं घासल्या आणि मला बाजारात पाठवलं. तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होते. १९६१ साली मिरजेच्या अनघाताईंनी मला विकत घेतलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिले दोन महिने मी त्यांना पुष्कळ छळलं. एक आप्पा धड सोडला नाही. त्या चिडल्या नाहीत. दर रविवारी कोळशाच्या शेगडीवर मला चढवायच्या, वांग्याच्या देठानं खळग्यांत तेल फिरवायच्या आणि विणायच्या जुन्या सुईनं आप्पे सोडवायच्या.

आणि आप्पे झाल्यावर मला पुसायचे त्यांचे यजमान, मधुकरराव.

अनघाताई सोडल्या तर हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या काळी मुलानं स्वयंपाकघरातलं भांडं हातात घेतलेलं मधुकररावांच्या आईला चाललं नसतं. म्हणून ते मला फडक्यात धरून मागच्या पडवीत न्यायचे. मी गरम असतानाच कोरड्या कापडानं पुसायचे, चिमूटभर तेल चोळायचे, पुन्हा निखाऱ्यावर ठेवून धूर निघू द्यायचे. पाणी नाही, साबण नाही. मुलं तोवर खाऊन खेळायला पळालेली असायची. पुढे मधुकररावांच्या आई गेल्या, तरी पडवीची सवय तशीच राहिली.

असं तीस वर्षं चाललं. तेलाचा एकेक पातळ थर माझ्या अंगावर जळून बसला. मी काळं झाले आणि काचेसारखं गुळगुळीत झाले. मग तर आप्पे सुई लावायच्या आधीच खळग्यात गोल फिरायचे. शेजारणी अनघाताईंना विचारायच्या, "काय हो, तुमचे चिकटत कसे नाहीत?" अनघाताई हसून म्हणायच्या, "पात्राला विचारा."

१९९२ साली अनघाताई आजारी पडून गेल्या. मधुकररावांनी मला शेवटचं तेल लावलं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर दोन वर्षं त्या घरात आप्पे झाले नाहीत.

त्यांची मुलगी लतिका लखनौला असते. तिचे यजमान निरंजन रेल्वेत इंजिनिअर आहेत. विकास नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर आहे, आणि मैत्रेयी नावाची चार वर्षांची मुलगी आहे. ह्या मैत्रेयीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते. १९९४च्या दिवाळीला लतिका मिरजेला आली आणि जाताना तिनं मला मागून घेतलं. लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरल्यावर हमालानं पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

"बहनजी, लोहा भरा है क्या इसमें?"

"हाँ भैया, लोहा ही है," लतिका म्हणाली. ते खरंच होतं.

घरी आल्यावर तिनं फडकं सोडलं. माझा काळा रंग तिनं बोट फिरवून पाहिला, आणि तिचे डोळे भरले. निरंजननी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आईला शेवटी शेवटी घासणंसुद्धा झालं नसेल रे. बघ किती कळकट झालंय."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर किती बरं झालं असतं. ती ज्याला मळ समजली तो मळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मैत्रेयी दुपारची झोपल्यावर लतिका मला घेऊन मोरीत बसली. चिंच, वाळू, साबणाची पावडर, तारेची घासणी. दोन दुपारी ती घासत होती. आईचं राहिलेलं काम आपण पुरं करतो आहोत अशा मायेनं घासत होती. तीस वर्षांचं तेल मोरीतून वाहून गेलं आणि मी जन्मले होते तसं राखाडी झाले. तिनं मला खिडकीत वाळत ठेवलं आणि समाधानानं हात पुसले.

त्या रविवारी आप्पे चिकटले. सुरीनं खरवडून काढले तर चुरा झाला. निरंजननी चुऱ्यावर साखर घालून तो खाल्ला आणि म्हणाले, "चव चांगली आहे. आकाराचं आपण बोलायला नको."

लतिका हसली नाही. कारण जानेवारीत तिचे बाबा, म्हणजे मधुकरराव, पहिल्यांदाच लखनौला येणार होते. मिरजेहून येणारी शेजाऱ्यांची पत्रं एकच गोष्ट सांगत होती. ते जेवत नाहीत, दोन घास खाऊन उठतात, अर्धे झाले आहेत. लतिकानं मनाशी धरलं होतं की बाबांना आईच्या पात्रातले आप्पे करून वाढायचे. त्यासाठीच तिनं मला एवढ्या लांब आणलं होतं.

मग तिनं विचारायला सुरुवात केली. प्रथम समोरच्या कांचन भाभींना. भाभींनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"अच्छा, यह दीये रखने का है?"

"नहीं भाभी, इसमें पकाते हैं. सब चिपक जाता है."

"तो सरसों का तेल लगाओ और धुआँ उठने तक जलाओ. हमारी अम्मा कढ़ाई ऐसे ही तैयार करती थीं."

सल्ला अगदी बरोबर होता. पण मोहरीच्या तेलाचा वास लतिकाला सहन होत नाही. तेल तापून नाकात झणझणलं तसा तिनं पदर लावला आणि धूर निघायच्या आत गॅस बंद केला. कच्चं तेल माझ्या अंगात तसंच राहिलं. पुढच्या रविवारी मैत्रेयीनं एक तुकडा तोंडात घातला आणि बाहेर काढला.

"मम्मी, इसमें से अचार की बू आ रही है."

लतिकानं मला पुन्हा साबणानं धुतलं.

मग तिनं सांगलीच्या वसुधामावशीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं ते तिनं ओट्याशी उभं राहून वाचलं. "चि. लतिका, ताईनं मला त्या पात्राला कधी हात लावू दिला नाही. वांग्याच्या देठानं तेल लावायची एवढं आठवतं. बाकी तिचं तिला ठाऊक." लतिकानं वांगी आणली, देठ वापरलं, तरी आप्पे चिकटले. शिवाय गॅसची ज्योत मधोमध लागायची. मधला आप्पा करपायचा, कडेचे सहा कच्चे राहायचे. आणि लखनौच्या डिसेंबरात पीठसुद्धा नीट फुगेना.

शेवटी ती मला पिशवीत घालून भांड्यांच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं मला नखानं वाजवलं. "बहनजी, अब यह कौन बनाता है. नॉनस्टिक ले जाइए, कुछ चिपके तो मेरा नाम बदल दीजिए."

निरंजनना ते पटलं. लतिकानं मला परत पिशवीत घातलं. तिनं किती जणांना विचारलं बघा. शेजारणीला, मावशीला, दुकानदाराला. फक्त बाबांना विचारावं असं तिच्या मनात आलं नाही. पुरुषमाणसाला भांड्यातलं काय कळणार, असंच तिलाही वाटत होतं.

बाबा यायच्या आदल्या दिवशी तिनं मला बाल्कनीत रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. रविवारी रद्दीवाला कबाडी येतो, तेव्हा देऊन टाकायचं ठरलं. धुक्यानं माझ्या अंगावर नारिंगी गंज चढला.

मधुकररावांची गाडी धुक्यामुळे नऊ तास उशिरा आली. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोहे केले तर बशीतले निम्मे ठेवून उठले. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खुर्ची घेऊन ते बाल्कनीत आले आणि त्यांनी मला पाहिलं.

 मग खाली बसले आणि मला मांडीवर घेतलं. लतिका चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"बाबा, मी ते धुतलं," ती म्हणाली. "आईचं घासायचं राहिलं असेल म्हणून. आणि आता ते बिघडलंय. मला तुम्हाला आप्पे करून घालायचे होते."

"राहिलं नव्हतं गं," मधुकरराव म्हणाले. "ते मीच काळं ठेवलं होतं."

"तुम्ही?"

"दर रविवारी. तुझ्या आजीला दिसू नये म्हणून पडवीत बसायचो."

लतिकानं चहा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "मग मला सांगा. मी सगळ्यांना विचारून बसले."

"जाडं मीठ आण. आणि गोडंतेल."

मिठानं त्यांनी गंज काढला. गोडंतेल घरात नव्हतं. कांचन भाभी गच्चीवर अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवून बसल्या होत्या, त्यांना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "चाचाजी, सरसों का ही लगाइए. लतिका से कहा था, पर इसने धुआँ उठने ही नहीं दिया."

"हो का?" बाबांनी लतिकाकडे पाहिलं. "धूर निघू द्यायचा. वास धुराबरोबरच जातो."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी त्या अंगीठीवर होते. निखारे माझ्या कडेपर्यंत पसरलेले. तेल लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुसायचं, पुन्हा तेल. बाबा करत होते, लतिका बघत होती, मग लतिका करू लागली आणि बाबा बघू लागले. चौथ्या वेळेला माझ्यावर तपकिरी रंग आला. पिठाचं पातेलं भाभींनी आपल्या जुन्या रजईत गुंडाळून उन्हात ठेवायला लावलं, तेव्हा ते फुगलं.

रविवारी सकाळी गच्चीवरच आप्पे झाले. पहिला घाणा चिकटला. लतिकाचा चेहरा उतरला, पण बाबा म्हणाले, "पुस आणि पुढचा घाल." दुसऱ्यात चार सुटले, तीन मोडले. तिसऱ्या वेळेला तिनं सुई लावली आणि सातही खळग्यांतून गोळे फिरले. भाभी म्हणाल्या, "लो, यह तो घूम गया."

"नानाजी, मुझे बीच वाला," मैत्रेयी म्हणाली.

"आजोबा म्हण, मग देतो."

"आजोबा, मुझे बीच वाला."

मधुकररावांनी मधला तिला दिला आणि उरलेले सहा स्वतः खाल्ले. शेंगदाण्याची चटणी मागून घेतली. मग आणखी पाच खाल्ले. लतिका मोजत नव्हती असं दाखवत होती, पण बाबांची बशी रिकामी व्हायच्या आत ती माझ्यात पुढचं पीठ घालत होती.

शेवटचा घाणा उतरला तशी ती मला उचलून न्यायला उठली. बाबांनी तिला हातानं खाली बसवलं.

"निरंजनराव, फडकं घ्या आणि इकडे या."

"मी?" निरंजन म्हणाले. त्यांच्या तोंडात आप्पा होता.

"पात्र गरम आहे तोवरच पुसावं लागतं. आणि करणारीनं त्याच वेळी बसून खायचं असतं. नाहीतर तिच्या वाटचे गार होतात. अनघाचे सुरुवातीला दर रविवारी गार व्हायचे. म्हणून मी पुसायला लागलो."

लतिकानं बाबांकडे पाहिलं. मग तिनं बशी पुढे ओढली आणि वाफ निघत असलेला आप्पा तोडला. निरंजन माझ्यापुढे उकिडवे बसले. दोन वेळा बोट भाजलं तेव्हा म्हणाले, "वर्कशॉपमध्ये इंजिनं, घरी हे." भाभी पदराआड हसत होत्या. मधुकररावांनी निरंजनचं मनगट धरून फडकं खळग्यात कसं फिरवायचं ते दाखवलं. आतून बाहेर, मग कडेला.

बाबा आणखी पंधरा दिवस राहिले आणि मग मिरजेला गेले. मी लखनौतच आहे. अजून पुरतं काळं झाले नाही, त्याला वर्षं लागतील. कबाडी येतो आणि रद्दी घेऊन जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं काळं लोखंडी भांडं असेल तर ते मळलेलं आहे असं समजून घासायला घेऊ नका. ते कुणी काळं ठेवलं आहे ते आधी विचारा. घरातल्या सगळ्यांना विचारा, ज्यांना त्यातलं काही कळत नसेल असं तुम्हाला वाटतं त्यांनाही. साबण लावू नका, पाण्यात भिजत टाकू नका, गरम असताना पुसा आणि थोडं तेल लावा. आणि हे सगळं आईनं करावं म्हणून थांबू नका. तिची बशी भरा, तिला बसवा आणि फडकं तुम्ही घ्या.